दोन रिपॉझिटरी आणि मधली मी

आमच्या ऑफिसची एक रिपॉझिटरी, म्हणजे कोड साठवायची जागा आहे, ग्राहकाची दुसरी. दोन्हींत एकाच प्रोग्रामचा कोड, पण त्या एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत. इकडचे बदल तिकडे जातात ते फक्त माझ्या लॅपटॉपवरून. आज दोन्हीकडच्यांनी नेमकी एकच ओळ बदलली होती आणि कोणाची ठेवायची, ते लॅपटॉप मलाच विचारत होता. मला का विचारतोस, मेल्या?

तेवढ्यात आईचा फोन. “तुझ्या बाबांना विचार, पान वाढू का?”

एकाच घरात राहून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मी शाळेत होते तेव्हापासून त्यांचे निरोप मीच पोचवते. नोकरीसाठी गाव सोडलं तेव्हा वाटलं होतं, सुटले. पण मी एक दिवस जरी थांबले, तरी दोन्ही बाजू इतक्या लांब जातील की पुन्हा जुळायच्याच नाहीत, ही धास्ती काही सुटत नाही. घरीही आणि इथेही.

मी बाबांना फोन लावला.

“सांग तिला, भूक नाही.”

त्यांच्या मागे चाललेला भांड्यांचा आवाज एकदम थांबला. आईने ऐकलं होतं.

तरीही मी आईला फोन लावला.