औंदा साडी कोणाची

"वहिनी, औंदा तुमची साडी पाह्यजे."

दिवाळी सरून मंडई, म्हणजे आमच्याकडची गावजत्रा, जवळ आली की फाटकाशी सायकल टेकवून, खांद्यावरचा दुपट्टा सारखा करत आमच्या गल्लीतले भाऊजी एवढंच म्हणायचे. वरठीच्या कारखान्यात दिवसपाळी करणारा, तळहाताला घट्टे पडलेला माणूस. पण मंडईच्या दिवशी भर दुपारी आमच्या गावची दंडार, नाचगाण्याचं सोंगनाट्य, उभी राहिली की तिच्यातली बाई हेच.

दरवर्षी साडी वेगळ्या घरची. एकदा मी विचारलं, "काहून जी भाऊजी, घरी साड्या नाहीत का?"

"बायकोची नेसलो तं मी तिचा नवराच दिसतो. तुमची नेसलो तं तुमच्यासारखं चालता येते."

साडी परत यायची ती स्वतः धुऊन, घडी घालून, पदराच्या कोपऱ्यात नव्या धानाचे मूठभर तांदूळ बांधून. रिकामा पदर त्यांनी कुणाला परत केला नाही.

माझी साडी नेसले त्या वर्षी ते भांडकुदळ सासू झाले होते. एक हात कमरेवर, हनुवटी वर. सगळं गाव वळून माझ्याकडे पाहायला लागलं. नवरा सगळ्यात जास्त हसला. दोन दिवस मी भाऊजींशी बोलले नाही. मग एकदा आरशासमोर उभी राहिले. खरंच की, मी तशीच उभी राहते.

पुढे त्यांच्या मुलीचं जमलं, साखरपुडा तेवढा राहिला होता. मुलगी नर्सिंग शिकलेली, बापासारखीच शांत. मुलाचे वडील चहा पिता पिता बोलले, "बाप साडी नेसून नाचते, हे आमच्या पाहुण्यांत शोभत नाही. हे सोडा, मग साक्षगंध करू."

माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. भाऊजी मात्र मान हलवून म्हणाले, "पोरीच्या पुढं काय हाय जी. सोडलं."

मंडई चार दिवसांवर आली तरी त्यांची सायकल एकाही फाटकाशी थांबली नाही. नळावर बायकांना दुसरा विषय नव्हता.

मग एका संध्याकाळी, आम्ही सगळे अंगणात असताना, मुलीनं साक्षगंधासाठी घेतलेली कोरी साडी बापाच्या हातात ठेवली. "बाबा, औंदा माही नेसा. मी त्याइले फोन केला. म्हटलं, तुमच्या बाबाले घेऊन या अन् पाहा. लाज वाटली तं तिथंच सांगा, साक्षगंध राहू द्या."

मुलगा आणि त्याचे वडील, दोघं आले. वडील हाताची घडी घालून पुढेच बसले. भाऊजी त्या दिवशी लेकीला सासरी धाडणारी आई झाले. रडले नाहीत, ऊर बडवला नाही. लेकीचा पदर सारखा केला, तिचं नाक आपल्या पदरानं पुसलं आणि म्हणाले, "जाय आता, मांगं पाहू नको."

साडी सोडायच्या आधीच होणाऱ्या जावयानं त्यांचे पाय धरले. त्याचे वडील उठून पुढे आले आणि व्याह्याला म्हणाले, "इवाई, पुढच्या साली साडी आमच्या घरून न्या." मला तर वाटलं, मान आपलाच झाला. अशी माणसं आमच्या गल्लीत राहतात, सांगून ठेवते.

पुढच्या साली त्यांनी ती नेलीही. मागच्या वर्षी धानकापणीत छातीत दुखल्याचं निमित्त झालं आणि ते गेले.

यंदा मंडई आली तशी मी सवयीनं एक साडी काढून ठेवली, मग स्वतःवरच चिडून परत कपाटात कोंबली. तेवढ्यात फाटक वाजलं. त्यांची मुलगी, सासरहून आलेली. खांद्यावर बापाचा दुपट्टा.

"काकू, औंदा काकाजीचं धोतर पाह्यजे. दंडारीत बाप व्हायले माणूस नाही. मी होते म्हटलं."

"काहून, तुझ्या नवऱ्याचं नाही का?"

"त्याचं नेसली तं मी त्याची बायकोच दिसन."

मी हसले आणि तिच्यासमोरच रडले. मग नवऱ्याचं लग्नातलं धोतर काढून तिच्या हातात दिलं. परत येईल तेव्हा त्याच्या कोपऱ्यात तांदूळ असतील.