दसऱ्याचा हार आणि माझा डबा

झेंडूचा वास आला की मला तापलेला लॅपटॉप आठवतो. मखमलाबादला आमचा झेंडूचा मळा होता आणि सुटे भाग आणून मी स्वतः जोडलेला कॉम्प्युटर पुढच्या खोलीत होता. एका दसऱ्याला चुलतभाऊ पुण्याहून नवा लॅपटॉप घेऊन आला. आईने पूजेत दोन्ही मांडले, दोन्हींना हार घातले. "प्रोसेसरचा आकडा दोन्हींवर एकच आहे. मग हा डबा कशाला ठेवलायस?" भाऊ म्हणाला. मला ते झोंबलं. घरातल्या लग्नाचा एकच व्हिडिओ मी दोन्हींवर सीडीवर चालेल अशा रूपात बदलायला लावला. थोड्याच वेळात लॅपटॉप तापला आणि रेंगाळायला लागला. "हारामुळे गुदमरला असेल," तो म्हणाला. पंख्याच्या जाळीवर खरंच झेंडू दाटले होते. मी दोन्हींचे हार काढले, लॅपटॉप गार होऊ दिला आणि दोन्हींवर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तरी तो तापलाच, कारण त्या चपट्या अंगातून उष्णता बाहेर पडेना. माझ्या डब्याचं काम संपलं तेव्हा लॅपटॉपचं बरंच उरलं होतं. "पाहुण्याला जिंकू द्यावं गं," काका म्हणाले. "आकडा एकच होता ना? मग जिंकायचं होतं," मी म्हटलं आणि हार उचलून डब्याला परत घातला. आज माझा लॅपटॉप त्या डब्याच्या कितीतरी पुढे आहे. दसऱ्याला हार मात्र मी डब्यालाच घालते.