बाहेरची कडी

तिसरा खिळा निघाला आणि कडी सुताराच्या हातात आली.

“राहू द्या ना ते,” मालतीचे वडील म्हणाले. “पोरी हायेत. रातच्याले बाहेरून लावलेली बरी.”

बुलढाण्यातली ही इमारत पूर्वी कचेरी होती. मागच्या चार खोल्यांत कच्चे कैदी ठेवत. मराठी राज्य झाल्यावर कचेरी नव्या जागी गेली आणि इथे मुलींचं वसतिगृह निघालं. माझी मैत्रीण कमल त्याची अधीक्षिका. तिचं पत्र आलं म्हणून मी निघाले. बुलढाण्याला रेल्वे नाही; मलकापूरला उतरून बस धरायची. घाटात खिडकी सोडू नका. जेवण स्टँडमागच्या खानावळीत: भाकरी, ठेचा, न मागता पुन्हा वाढलेलं पिठलं.

भिंती हातभर जाड, आत भरदुपारी गारवा. दारांना कैद्यांवर नजर ठेवायच्या झडपा होत्या. त्या कमलने आधीच ठोकून बंद केल्या होत्या. कड्या राहिल्या होत्या, सगळ्या बाहेरून.

मालती मोताळ्याकडच्या खेड्यातली. तिथून हायस्कुलात येणारी पहिलीच मुलगी. वडील मिरची लावतात.

“बाहेरची कडी पाहूनच हो म्हटलं होतं मी,” ते म्हणाले. “ते नसन तं चल वं घरी.”

मालतीने ट्रंक उचलली नाही.

“आत आग लागली तर, काका?” कमलने विचारलं.

“आग काऊन लागन?”

सुतार हसला. “भाऊ, तुमी झोपले का वहिनी बाहेरून कडी लावते काय?”

“माही गोष्ट येगळी हाय.”

“हाव. तुमालेच लावाले पायजे.”

नवी कडी आतून बसली. मालती आत गेली, दार लागलं.

“लोटून पाहा, बाबा.”

त्यांनी हाताने लोटलं. मग खांद्याने, सगळा जोर लावून. दार हललं नाही.

“पक्की हाय. उघड आता.”

“मले इथं ठेवता का, ते पयले सांगा.”

ते दारावर तळवा ठेवून उभे राहिले. सुतार हत्यारं गोळा करायचा थांबला.

“ठेवतो,” ते म्हणाले. “उघड वं.”

कडी निघाल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मलकापूरची पहिली बस घेतली. पुढच्या बाकावर मालतीचे वडील होते. पायाशी पिशवी, पिशवीत जुनी कडी. मोताळ्याला उतरताना माझं लक्ष तिकडे गेलेलं त्यांनी पाहिलं.

“गोठ्याले होईन,” ते म्हणाले.