पुढच्या पाण्याला येतो

घर दुरुस्तीला काढलं की मागं दोन गोष्टी उरतात. एक फरशीचे तुकडे आणि दुसरे किस्से! तुकडे मी गच्चीवर नेऊन टाकले. किस्से कुठं टाकणार? कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कुणी नुसतं "काय सर, झालं का काम?" असं विचारलं की एक बाहेर पडतो, त्याचं शेपूट धरून दुसरा येतो, तेवढ्यात तासाची वेळ होते. परवा आमचा शिपाई म्हणाला, "सर, तुमचं चालू द्या. घंटा जरा दमानं देतो!"

आता सगळ्यांना हसू येतंय. तेव्हा माझी काय गत झाली होती, ते माझं मला माहीत. वर्गात फळ्यावर लिहिताना कुठं 'टप' असा आवाज झाला, की माझा खडू थांबायचा. पोरं गालातल्या गालात हसायची.

झालं असं. माझी माय तलवाड्याला धाकट्या भावाकडं, दत्ताकडं राहते. सगळा जन्म शेरडामेंढरांमागं गेला तिचा. शेरडांच्या गोठ्यातच पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. मी अंबाजोगाईत, म्हणून ऑपरेशन इथंच केलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "उकिडवं बसायचं नाही, जिना नाही, ओली फरशी नाही. आणि हाड नीट जुळेपर्यंत गावी पाठवू नका. त्या ऐकणाऱ्यातल्या दिसत नाहीत."

डॉक्टरांनी बरोबर ओळखलं होतं! माझं घर झाल्यापासून माय इथं दोन रात्रींच्या वर कधी टिकली नाही. "दारं लावून बसता रं तुमी. जीव कोंडतो माझा," म्हणायची आणि पहाटेची एसटी धरायची. या वेळी ती टिकायलाच पाहिजे होती. नाहीतर त्याच हाडावर पुन्हा शेरडांमागं रानात! मला दुसरं काही सुचत नव्हतं.

आणि माझ्या घरात काय होतं? उकिडवं बसायचा संडास, गळकं बाथरूम आणि सदा ओली फरशी.

*

कमोड बसवायला नामदेव मिस्त्री आला. माणूस लई उत्साही. भिंत दिसली की त्याच्या हातातली छन्नी शिवशिवते. जुनं भांडं काढायला म्हणून त्यानं ठोकायला सुरुवात केली.

भिंतीच्या पलीकडं आमचं स्वयंपाकघर. सुनंदा, म्हणजे माझी बायको, भाकरी थापत होती. अचानक मसाल्याच्या डब्याशेजारची टाइल धाडकन खाली पडली आणि भोकातून छन्नीचं टोक आत आलं. मी धावत गेलो. सुनंदा पिठाचे हात तसेच धरून त्या टोकाकडं बघत होती. छन्नी मागं गेली आणि भोकात नामदेवचा एक डोळा दिसला.

सुनंदा शांतपणे म्हणाली, "मिस्त्री, चहा इथूनच देऊ का?"

भोकातून आवाज आला, "साखर कमी टाका, वहिनी!"

*

कमोड बसलं. फक्त संडासाचं दार लागेना, कारण कमोड दारात आलं होतं. मी म्हटलं, "मिस्त्री, अहो, हे दार?"

"दार कावून लावायचं सर? घरचीच मानसं हायती!"

माझा पारा चढलेला बघून त्यानं तोडगा काढला. दार आत उघडत होतं ना, ते बाहेर उघडायचं. त्यानं दार काढलं, फिरवलं, बसवलं. लई छान लागलं. फक्त आतली कडी बाहेर आली!

आता सुनंदाची एक जुनी सवय सांगायला पाहिजे. संडासाची कडी उघडी दिसली की ती जाता जाता लावते. तिच्या आईनं लावलेली शिस्त. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत, सुनंदा शाळेत निघालेली. ती शिकवते तिथं सकाळची शाळा असते. खट्ट! कडी लागली, गाडी सुरू झाली आणि बाई गेल्या!

मोबाइल बाहेर चार्जिंगला. मी ओरडून ओरडून घसा बसवला. शेवटी कामावर येणाऱ्या नामदेवनं कडी काढली. मला आत बघून त्याला काही वाटलं नाही. उलट म्हणाला, "बगा सर, भाईरून कडी किती पक्की बसलीय!"

*

आता शब्बीरभाई. नळाचं काम त्याच्याकडं आणि लाइटचंही त्याच्याकडंच. "दोन्ही एकाकडं दिलं की भांडण न्हाई सर," असं तो म्हणतो. खरं आहे. भांडायला दुसरं कुणी नसतंच.

आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही त्याच्या मनात आलं तर. त्यामुळं शब्बीरभाईचं कॅलेंडर पाण्यावर चालतं. सोमवार, मंगळवार त्याला कळत नाहीत. "पुढच्या पाण्याला येतो." "मागच्या पाण्याला झालं का न्हाई ते काम?" त्यानं जोडलेला पाइप गळतोय का, हेही पाणी आल्यावरच कळणार. तोवर माणसानं नुसतं पाइपाकडं बघत बसायचं.

नळाचा जुना पाइप सडला होता. भिंतीकडेनं खणून शब्बीरभाईनं नवा टाकला. पाण्याचा दिवस आला. मी रजा टाकून हौदापाशी उभा. नळ सूं सूं करायला लागला. नुसतंच सूं सूं. थेंब नाही! आणि भिंतीपलीकडं शेजारच्या काकूंचा हौद भरून वाहायला लागला. गल्लीत लोट. काकू हात जोडून उभ्या. "काय जोर हाय हो सर आज पाण्याला! देव पावला!"

दोन घरांचे पाइप भिंतीकडेनं शेजारी शेजारी जातात. शब्बीरभाईनं आमचं पाणी त्यांच्या हौदाला जोडलं होतं.

मी त्याला हाताला धरून आणलं. तो खड्ड्यात वाकला, बोटानं जोड पुसला आणि समाधानानं वर बघितलं.

"पन जोड बगा ना सर. एक थेंब गळत न्हाई!"

नामदेव वरून ओरडला, "काय बे शब्बीर, सरांना हार्ट अटॅक आनतो का?"

तो आठवडा आम्ही काकूंच्या हौदातून आमचंच पाणी उसनं आणलं.

*

लाइटचा किस्सा छोटा आहे. गिझर बसवल्यापासून बाहेरची बेल दाबली की बाथरूममधला दिवा जायचा. मी चिडलो. सुनंदा म्हणाली, "असू द्या. अंघोळीतल्या माणसाला कळतं तरी, कुणीतरी आलंय!"

*

माय घरी आली तेव्हा निम्मी कामं बाकी होती. वॉकर टेकवत टेकवत ती संडासापाशी गेली. कमोडकडं बराच वेळ बघितलं.

"खुर्ची बसायला असती, लेकरा."

"बसायलाच आहे माय."

"नारळ फोडला का?"

मी म्हटलं, "संडासाला?"

"नवं काम हाय ना? गोठा केला तरी आपुन नारळ फोडतो. त्यात तर जनावरं ऱ्हात्यात. हितं मानूस बसनार!"

नामदेव लगेच मायच्या बाजूनं. "आजी म्हनत्यात ते खरं हाय सर. म्हनूनच कामात खोडा येऊ लागलाय." कामात खोडा कशानं येत होता, ते मला पक्कं माहीत होतं. पण मायपुढं काय बोलणार? नारळ आणला. हळदीकुंकू वाहिलं. दारातल्या नव्याकोऱ्या फरशीवर मी नारळ जोरात आपटला.

नारळ आख्खा राहिला. फरशी फुटली! या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.

नामदेव फरशीकडं बघत होता, मी नामदेवकडं. माय म्हणाली, "फुटलं ना कायतरी? झालं मंग."

आणि पहिल्यांदा कमोडवर गेली.

*

खरी गंमत यानंतर झाली. मला वाटलं होतं, या ठोकाठोकीला कंटाळून माय चार दिवसांत गावाचं नाव काढणार. तिनं काढलंच नाही! हॉलमध्ये दाराजवळ खाट टाकून घेतली, काठी मांडीवर घेतली आणि दिवसभर राखणीला बसली. मेंढरं राखल्यासारखी मिस्त्री राखायची.

"ए शब्बीर, जेवनाची सुट्टी संपली न्हवं तुजी?"

"ह्यो काय आलो आजी."

"नामदेवा, त्या कोपऱ्यातली माती कोन काढनार? तुजा चुलता?"

जी माणसं माझ्या दहा फोनला दाद देत नव्हती, ती मायच्या एका हाकेला हातातला चहा टाकून उठायची. शब्बीरभाई तिला घरची शेवयांची खीर आणून द्यायचा. नामदेव बायकोशी झालेली भांडणं तिच्यापुढं सोडवून घ्यायचा. मी कॉलेजातून आलो की माय मला मिस्त्र्यांची हजेरी सांगायची. आज कोण उशिरा आलं, कुणी किती बिड्या ओढल्या.

दत्ताचा रोज फोन. "माय, शेरडं हुडकायलीत तुला." मायचा चेहरा पडायचा. मग म्हणायची, "आरं, हितली कामं व्हऊ दे. ही दोगं नवराबायको शाळाकालेजात जात्यात. मिस्त्र्यांकडं बगायला कोन हाय?"

सुनंदाचं मला आश्चर्य वाटायचं. सुरुवातीला सिमेंटच्या धुळीला सगळ्यात जास्त तीच वैतागली होती. मुलगी शिकायला पुण्याला गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. ती शाळेतून यायची, कुलूप काढायची, आपला चहा आपण करून प्यायची. आता दारातच हाक यायची, "आली का गं माजी बाई? आदी घोटभर पानी पी." एकदा मी लवकर आलो, तर ही मायच्या खाटेवर पाय वर घेऊन बसलेली आणि माय तिच्या डोक्याला तेल चोळत होती. संध्याकाळी मला म्हणाली, "मला असं कुणी घरात विचारून किती वर्षं झाली हो." तिचे डोळे भरले होते. मलाही भरून आलं.

*

आणि मग काम संपलं.

संपलंच! दार लागलं, कडी आत गेली, फरशी बदलली, पाणी आमच्याच हौदात आलं. बेल दाबली की बेलच वाजायला लागली. शब्बीरभाईनं कमोडच्या टाकीचा नट माझ्यासमोर पान्यानं आवळला आणि पाना भिंतीवर ठोकून म्हणाला, "सर, आता मी मेलो तरी हा सुटत न्हाई."

मला हायसं वाटायला पाहिजे होतं. पण दुपारी घरी आलो तर माय खाटेवर एकटी, रिकाम्या दाराकडं बघत बसलेली. घरात टीव्हीचासुद्धा आवाज नाही. दोन दिवस तिनं नीट जेवण केलं नाही. तिसऱ्या दिवशी लुगडी पिशवीत भरली.

"माय, डॉक्टर नको म्हणालेत. अजून हाड जुळलं नाही."

"आता काय काम हाय माजं हितं? भिताडांकडं बगत बसू?"

मी चिडलो, समजावलं, हातसुद्धा जोडले. तिनं दत्ताला फोन लावला. "ऐतवारी गाडी घिऊन ये."

सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. रविवारच्या आदल्या दिवशी मी चार वेळा गच्चीवर गेलो, चार वेळा खाली आलो. उद्या माय त्या शेरडांच्या गोठ्यात, ओल्या शेणात, काठी टेकत! माझं कशातच लक्ष लागेना.

*

रविवारी सकाळी दत्ता जीप घेऊन आला. चहा झाला. माय वॉकर धरून उठली, मी तिची पिशवी उचलली. तेवढ्यात सुनंदा आतून ओरडली, "अहो! पाणी!"

संडासातून पाण्याची धार पॅसेजमध्ये येत होती. कमोडच्या टाकीखालून भळाभळा. मी वरचा कॉक बंद केला, शब्बीरभाईला फोन लावला. तो बनियनवरच स्कूटर घेऊन आला, वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"सर, हा नट मी आवळला होता. तुमच्यासमोर! हा आपोआप सुटनारच न्हाई. ह्याला कुनीतरी पाना लावलाय."

मी दत्ताकडं बघितलं. तो तर आत्ताच आला होता. मायकडं बघितलं. तिला वाकताच येत नव्हतं. ती मात्र पॅसेजमधल्या पाण्याकडं बघत होती, आणि चार दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर तजेला आला होता.

"बगितलं का? दोन दिस नजर काडली, तर ह्ये असं!" तिनं माझ्या हातातून पिशवी ओढून घेतली आणि खाटेवर ठेवली. "दत्ता, तू जा बाबा. शेरडांना चारा घाल. ह्या लोकांच्यानं काय हुत न्हाई."

दत्ता माझ्याकडं बघायला लागला. शब्बीरभाईनं पिशवीतून पाना काढला आणि नटाला लावला.

सुनंदा त्याच्यासाठी चहा घेऊन आली. कप पुढं करताना तिच्या अंगठ्याला काळंकुट्ट ग्रीस लागलेलं मला दिसलं. तिनं ते पदराखाली झाकलं, माझ्याकडं अजिबात बघितलं नाही आणि म्हणाली,

"शब्बीरभाई, घाई नाही हो. पुढच्या पाण्याला आलात तरी चालेल."