पन्हळीतला हीटर

परवा सकाळी मी आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने नवऱ्यावर ओरडले... तेही बर्फात, नाइटगाऊनवर, पायात घरातल्या सपाता. नन्सच्या शाळेत शिकलेल्या बाईने असं करायचं नसतं. पण नन्सना नवरे नव्हते.

आम्ही इंग्लंडमध्ये, डर्बीशरच्या डोंगरात राहतो. "यंदा बर्फ पडलाच नाही गं," असं दक्षिणेकडच्या रीडिंग शहरातल्या मैत्रिणी हळहळून सांगतात, तेव्हा आमचं छप्पर पांढरं असतं. दिवसा तो बर्फ थोडा वितळतो, पन्हळीत उतरतो आणि तिथेच पुन्हा गोठतो. मग पुढच्या दारावर बर्फाचे हातभर लांब सुळे लटकायला लागतात.

गेल्या हिवाळ्यात आमचे हे दूध घेऊन आत आले आणि पाठोपाठ तसला एक सुळा पायरीवर येऊन फुटला. हे निवृत्त हाडांचे डॉक्टर, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. अशा माणसाच्या डोक्याला मार लागला तर काय होतं, हे त्यांनीच मला जन्मभर जेवताना ऐकवलंय... तरी हसून म्हणाले, "थोडक्यात चुकलं बघ!"

दुसऱ्या दिवशी साहेब हातोडा घेऊन शिडीवर चढायला निघाले. शिडी मी शेजाऱ्यांच्या गराजमध्ये नेऊन ठेवली. ती अजून तिथेच आहे.

म्हणून या वर्षी थंडीच्या आधीच मी छपराला विजेची हीटिंग केबल बसवून घेतली. कौलांच्या कडेने नागमोडी, मग पन्हळीतून, आणि शेवटी पाइपातून पार खालपर्यंत... म्हणजे वितळलेलं पाणी वाटेत कुठे गोठायला नको. थंडी शून्याजवळ आली की ती आपोआप सुरू होते. यूटिलिटी रूममध्ये, म्हणजे कपडे धुवायच्या खोलीत, पाणी तापवणाऱ्या बॉयलरशेजारी तिचा स्विच आणि त्यावर लाल दिवा. आपण फक्त स्विच चालू ठेवायचा, बाकी काही करायचं नाही.

"मला घरात स्वेटर घालायला लावतेस आणि कौलांना ऊब देतेस," असं हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले. सांगू देत. पहिलं हिव पडलं, दिवा लागला, पाइपातून पाणी ठिबकायला लागलं... आणि त्या दिवसापासून मला शांत झोप लागायला लागली.

त्यानंतर आमच्या ताई आल्या. ताई म्हणजे ह्यांची थोरली बहीण, पुण्याहून लंडनला लेकीकडे आल्या होत्या, तिथून आमच्याकडे. ऐंशी उलटली तरी भावाला अजून 'बाळ्या' म्हणतात. बाळ्या शहात्तर वर्षांचा आहे.

शनिवारी जोरदार बर्फाचा इशारा होता. मी निवांत. आपली केबल आहे ना!

रविवारी सकाळी किचनच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. पन्हळ बर्फाने गच्च, वरून बर्फाची जाड लादी पुढे झुकलेली, खाली ओळीने सुळे... आणि त्यांच्या बरोबर खाली आमचे हे. फावड्याने पायरी साफ करत होते.

मी काच बडवली. त्यांनी हात हलवून मला गुड मॉर्निंग केलं! कानातलं मशीन अर्थातच उशाशी.

मग मात्र मी तशीच बाहेर धावले. "अहो, आत या! आधी आत या!" समोरची बाई कुत्र्यासकट थबकली, कुत्रासुद्धा माझ्याकडे बघत राहिला... मी ह्यांची बाही धरली आणि ओढत घरात आणलं. "अगं, अर्धी पायरी राहिलीय," एवढंच त्यांचं म्हणणं.

दार लावलं आणि काही क्षणांत बाहेर धाडकन आवाज झाला. तो मशीन नसतानाही ह्यांना ऐकू आला. दार उघडून पाहिलं तर फावडं बर्फाखाली गाडलं गेलं होतं.

माझा मात्र संताप संताप. केबल बसवणाऱ्यांना कसल्या शब्दांत लिहायचं, ते अस्सल कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत मनात जुळवत मी मॉडेल नंबर बघायला यूटिलिटी रूममध्ये गेले. लाल दिवा बंद. स्विचही बंद.

"हे कोणी केलं?" मी ओरडले. आवाज ऐकून ताई खाली आल्या. "मीच गं. रोज झोपताना बंद करते, सकाळी उठले की पुन्हा चालू करते. रात्रभर गिझर कसला चालू ठेवता?"

गिझर! लाल दिवा दिसला की तो गिझरचाच, हे आपल्या हाडीमासी किती मुरलेलं... "ताई, तो गिझर नाही, छपरावरचा बर्फ वितळवायचा हीटर आहे," मी म्हणाले. पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं. चांगलं धारदार होतं, वाया गेलं. कारण तेवढ्यात ताईंना पुढच्या उघड्या दारातून बाहेरचा बर्फाचा ढीग दिसला आणि त्या मटकन स्टुलावर बसल्या.

"पुण्यात आमच्या खालच्या मजल्यावर असाच चालू राहिलेला गिझर फुटला गं," त्या म्हणाल्या. "आणि बाळ्या सगळ्यांच्या आधी आंघोळीला जातो. तुला सांगून उगाच कशाला घाबरवायचं... म्हणून गुपचूप बंद करत होते."

मी त्यांना चहा करून दिला. त्यांनी स्वतः जाऊन स्विच चालू केला, आणि मग आम्ही दोघींनी मिळून बाळ्याला कानातल्या मशीनवरून मनसोक्त झापलं.

इतकी वर्षं मला वाटायचं, या माणसाची काळजी करणारी या जगात मी एकटीच. बहुतेक म्हणूनच माझा आवाज इतका चढतो... आणि इकडे ऐंशी उलटलेली एक बाई रोज रात्री कठडा धरून, परक्या घराचा थंडगार जिना उतरत होती, त्याच्याचसाठी. चूक झाली ती झाली. पण खरं सांगते, फार आधार वाटला.