धरणारे दोघे

सवत असती तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. पण आमच्या ह्यांना माझ्यापासून ओढून नेणारा निघाला एक रंगारी. उजवा पाय ओढत चालणारा, धड एक वाक्य सलग न बोलणारा. त्याच्या कसल्या झिंज्या उपटणार?

हे पोलिसात हवालदार. दर रविवारी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्याच्याकडे जातात. घरातला नळ महिनोन्महिने गळतोय, तिकडे बघायला ह्यांना सवड नाही. लेकीच्या शाळेचं तोंड कधी पाहिलं नाही. आणि त्या रंगाऱ्याची नखंसुद्धा हे कापून देतात! मी जळते. हो, जळते. त्यात लपवायचं काय?

सगळं सुरू झालं त्या शॉकच्या बंदुकीपासून. चौकीवर ती नवी आली तेव्हा असा नियम होता, की जो ती वापरणार त्याने आधी स्वतः तिचा झटका खायचा. हे त्या दिवशी घरी आले ते छाती फुगवूनच.

"पाच मोजेपर्यंत अंगाचं लाकूड होतं बघ," म्हणाले. "मग काही नाही. उठलो आणि चहा प्यायलो."

मी शेजारीपाजारी कौतुक सांगत सुटले.

पुढे तो प्रसंग आला. रंगाऱ्याचं डोकं बरेच दिवस ताळ्यावर नव्हतं. फुटकी बाटली घेऊन तो आपल्याच घराच्या जिन्यात उभा होता आणि वरच्या खोलीत त्याची बहीण आतून कडी लावून रडत होती. ह्यांनी खालून बजावलं, पुन्हा बजावलं. तो बाटली उगारून एक पायरी उतरला, आणि ह्यांनी बंदूक चालवली. तो जागच्या जागी ताठ झाला, आणि हात पुढे न करता तसाच कोसळला. डोकं पायरीच्या कडेवर आपटलं. त्याचा पाय आणि बोलणं बिघडलं ते तिथेच.

चौकशी झाली. इशारा दिला होता, बहिणीच्या जिवाला धोका होता, सगळं नियमाला धरून होतं. ह्यांच्यावर ठपका आला नाही. माझा जीव भांड्यात पडला, पण हे ताटावर नुसते बसून राहिले.

"आता आणखी काय झालं?" मी विचारलं.

"शिकवताना मला झटका दिला ना, तेव्हा खाली जाड गादी होती. दोघांनी मला दोन्ही काखांत धरून अलगद निजवलं. दुखतं किती, ते मला कळलं. पडणं कसं असतं ते कळलंच नाही. आणि त्याला धरायला तिथे कोणी नव्हतं."

"अहो, पण साहेबांनी तुम्हाला निर्दोष सोडलंय ना?"

"साहेबांनी सोडलं. पण तो जिन्यात उभा आहे, हे बघायचं काम माझं होतं."

तेव्हापासून माझा रविवार गेला तो गेलाच.

गेल्या रविवारी म्हटलं, आज सोक्षमोक्ष लावायचाच. एक तर तो, नाहीतर मी! ह्यांच्या पाठोपाठ निघाले आणि त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. समोरच तो जिना. मधल्या पायरीवर रंगारी, आणि ह्यांचा हात त्याच्या एका काखेत. वर दारात त्याची बहीण, मनगटाला पट्टी बांधलेली.

"दुसरीकडून एरवी मी धरते," ती मला म्हणाली. मी कोण, हे तिने विचारलंही नाही. "आज नको म्हटलं, तर हा ऐकेल तर शपथ. खाली उतरायचंच म्हणतो."

"बंदूक कोणी चालवली, ते ह्याला माहीत आहे का?" मी फटकन विचारलं.

"पहिल्याच रविवारी सांगितलं त्यांनी. तो महिनाभर तोंड फिरवून बसायचा. तरी हे हवालदार यायचेच."

मी ह्यांना चार शब्द सुनावायला तोंड उघडलं, तेवढ्यात रंगाऱ्याचा पाय लटपटला. तो मोकळ्या बाजूला कलला. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

हातातली पिशवी टाकून मी धावले आणि त्याच्या दुसऱ्या काखेत हात घातला. त्याच्या अंगाला आमच्याच घरातल्या साबणाचा वास येत होता. तरीच वडी इतक्या लवकर संपते!

"पायरी," हे हळूच म्हणाले.

त्याने पाय टाकला. मग हसला, तेही ह्यांच्याकडे बघून. माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मेला जड तरी किती! पण शेवटची पायरी उतरेपर्यंत मी काही हात काढला नाही.