मडगार्डवरची जागा

मी संशयी आहे, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. भाजीवालीने तराजू उचलला की मी पारड्याखालून हात फिरवून बघते. दूधवाल्याचं माप आधी उपडं करून आपटते, मगच भांडं पुढे करते. तेव्हा आमच्या ह्यांनी ट्रॅक्टरला तिसरा दिवा बसवला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली, यात नवल ते काय?

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचं घर कुंभकोणमात, शेती चोळपुरमला. ट्रॅक्टर लहानसा होता, भाताच्या छोट्या खाचरांत सहज वळणारा. आपली नांगरट झाली की हे शेजाऱ्यांचीही कामं घ्यायचे. शेतावर ठेवला तर बॅटरी चोरीला जाते म्हणून रोज संध्याकाळी तो घरी आणून बोळात उभा करायचे. पुढे दोन दिवे कंपनीनेच दिलेले होते आणि तेवढे बाकी सगळ्या जगाला पुरत होते.

तिसरा दिवा बॉनेटवर आडवी पट्टी ठोकून बसवला. विचारलं तर म्हणाले, लॉरीवाल्यांना आपण दिसायला हवं. बरं, पटलं. मग चौथा आला तो मडगार्डवर, तोंड खाली करून, पुढच्या डाव्या चाकाकडे. लॉरीवाला काय आमचं चाक बघायला येणार होता? तसं विचारलं तर हे हात धुवायला निघून गेले. मग लॉरीचा हॉर्न आला. आमच्या गल्लीच्या वळणावर तो असा कोकलायचा की समोरच्या म्हाताऱ्या मामी दचकून उठून बसायच्या. शेवटी बंपरच्या दोन्ही टोकांना उभ्या काठ्या आल्या आणि काठ्यांना पांढरं कापड. कापड ह्यांच्याच जुन्या धोतराचं होतं, ते मी ओळखलं. पण त्याच्या कडेला बारीक, सुबक टीप घातलेली होती. ती टीप काही माझी नव्हती.

हसायचं तर हसा, पण त्या टिपेनं माझी झोप उडवली. स्पष्टच सांगते, मला वाटलं ह्यांनी दुसरं घर केलंय. आणि मी काही कुठून आणलेली परकी पोर नव्हते, ह्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्या तंजावरकडच्या मराठी घरांत मामाची मुलगी करायची रीतच आहे. माझी आत्या तीच माझी सासू. म्हणजे हा संसार मोडला असता तर मला ना सासर उरलं असतं ना माहेर. म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले.

बघावं तितकं कमीच होतं. संध्याकाळी देवळात जायचं ह्यांनी बंद केलं होतं. दिवेलागणीनंतर कुणाकडे जायचं म्हटलं की ह्यांचं डोकं दुखायचं. वीज गेली की जिथे असतील तिथेच गप्प बसून राहायचे, जणू कुणाची तरी आठवण काढताहेत. आणि चुलत नणंदेच्या लग्नात मांडवाच्या पायऱ्या उतरताना सगळ्यांच्या देखत ह्यांनी माझा दंड धरला! इतक्या वर्षांत कधी चारचौघांत बोट धरलं नव्हतं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. माझा संशय मात्र आणखी बळावला. नवरा उगाच एकाएकी प्रेमळ होतो होय?

दिवे बसवणारं दुकान तिरुभुवनमच्या रस्त्यावर होतं. तिथल्या विणकरांच्या सोसायटीत रेशमी साडी बघायची असं आत्याला सांगून मी एकटीच बसने गेले. साडी राहिली बाजूला, सरळ दुकानात शिरले. आत तोंडात पान धरलेला एक इलेक्ट्रिशियन होता, तारा होत्या, बॅटऱ्या होत्या, बाई औषधालाही नव्हती. मी इकडचं तिकडचं विचारलं. त्यानं सांगितलं, त्या ट्रॅक्टरच्या मालकांना लांबवर उजेड नकोच असतो, चाकाच्या पुढ्यात हवा असतो, आणि तो भरपूर हवा असतो. डायनॅमोला एवढे दिवे झेपत नाहीत, इंजिन मंदावलं की सगळे पिवळे पडतात, हेही त्यानं बजावलं होतं म्हणे. त्यावर हे म्हणाले होते, मग मी इंजिन मंदावू देणारच नाही. म्हणजे गल्लीत शिरताना कान किटवणारी ती घरघर त्यासाठी होती. घरी येताना बसमध्ये मी विचार करकरून थकले. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण कुठे ते सापडेना.

शेवटी ठरवलं, हे येतात तेव्हा दारातच उभं राहायचं. वाटेत कुणाला उतरवून येतात का, कुणी सोबत असतं का, एकदाचं बघायचंच. दिवस नुकताच मावळला होता. आकाशात लाली होती, सकाळची रांगोळी अजून ठिपक्यांसकट दिसत होती. मी तिण्णैच्या, म्हणजे आमच्या ओट्याच्या, खालच्या पायरीवर कमरेवर हात ठेवून उभी राहिले. ट्रॅक्टर सगळे दिवे पाजळत बोळात आला. ह्यांनी इंजिन बंद केलं, दिवे गेले. सोबत कुणी नव्हतं. मडगार्ड चाचपत हे खाली उतरले आणि माझ्याकडे तोंड करून चालत आले.

मी कपाळाला आठ्या घालून उभी. ह्यांचे डोळे थेट माझ्या तोंडावर. तरी हे थांबेनात. पुढे आलेला हात माझ्या खांद्यावर आदळला, तसे हे दचकून मागे झाले.

"यारु?" ह्यांनी विचारलं.

तमिळमध्ये. आमच्या घरात तमिळ बाहेरच्यांशी बोलतात. जन्मल्यापासून हा माणूस माझ्याशी मराठीतच भांडत आला होता, आणि आज हातभर अंतरावरून, लख्ख दिसत असताना, मला परक्यासारखं विचारत होता, कोण आहे म्हणून. माझा सगळा राग गळून गेला.

"अहो, मी," म्हटलं.

हे तिथेच पायरीवर बसले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काही वर्षांपासून दिवस कलला की ह्यांचं जग विझायचं. दिव्याचा झोत पडेल तेवढंच दिसायचं, बाकी काळं. डावं चाक कालव्याच्या कडेला लागू नये म्हणून तो खालचा दिवा. ट्रॅक्टरची रुंदी कळावी म्हणून काठ्यांना पांढरं कापड, तेही शिंप्याकडून शिवून घेतलेलं. हॉर्न तर उघडच होता, समोरच्यानेच बाजूला व्हावं म्हणून. मला रडू यायला लागलं आणि त्याहून जास्त संताप आला. हे असले डोळे घेऊन हा माणूस लॉरींच्या रस्त्याने रोज येत होता! मला का सांगितलं नाहीत, असं मी ओरडूनच विचारलं.

"सांगितलं असतं तर तू मला ट्रॅक्टरवर बसू दिलं असतंस? घरात बसून जप करायला लावलं असतंस, बाबांसारखा."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मामंजी, म्हणजे माझे सासरे, दिवा लागला की पाटावरून हलायचे नाहीत. कुणीही येवो, काहीही होवो, नेम म्हणजे नेम. नातेवाईकांत त्यांच्या भक्तीचे गोडवे गायले जायचे. आत्या शेजारी बसून तांब्या हाताशी सरकवायची, झोपायच्या वेळी हात धरून न्यायची, आणि लोक म्हणायचे, काय ही पतिसेवा. मी आत जाऊन आत्यासमोर उभी राहिले. ती पालेभाजी निवडत होती. माझ्या तोंडाकडे बघूनच म्हणाली, "कळलं वाटतं तुला." पुन्हा भाजी निवडायला लागली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न नात्यातल्या लग्नांचा विचारला. औषध नाही म्हणाले. दिवसा बरीच वर्षं दिसेल, संध्याकाळचं मात्र विसरा. बाहेर येऊन मी ह्यांना बजावलं, दिवस मावळायच्या आत घरी. हे हो म्हणाले. पण कालव्याला पाणी आलं की सगळ्यांना ट्रॅक्टर एकदमच हवा असतो, नाही म्हटलं की लोक कारण विचारतात, आणि कारण कळल्यावर ह्यांच्या हातात खाचर कोण देणार? ह्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना.

मग त्या इलेक्ट्रिशियनकडे दुसऱ्यांदा मीच गेले. डाव्या मडगार्डवर गादी बसवून घेतली आणि धरायला लोखंडी दांडी. तो म्हणाला, कुणासाठी? मी म्हटलं, माझ्यासाठी. त्याच्या तोंडातलं पान चघळायचं थांबलं.

तेव्हापासून नांगरटीच्या दिवसांत मी दुपारची बस धरून चोळपुरमला जायचे आणि संध्याकाळी ट्रॅक्टरवर बसून परत यायचे. एक हात दांडीवर, एक ह्यांच्या खांद्यावर. खांदा दाबला की सावकाश, थोपटला की डावीकडे घ्या. भीती वाटायची, खोटं कशाला बोलू. समोरून लॉरी आली की मी देवाचं नाव घ्यायचे आणि ह्यांचा खांदा इतका आवळायचे की वळ उठायचे.

गल्लीत व्हायची ती चर्चा झालीच. नऊवारी आवरून ट्रॅक्टरवर बसणारी बाई कुणी पाहिली होती? समोरच्या मामींनी एकदा ओट्यावर येऊन हळूच विचारलं, इतकी वर्षं झाली, अजून नवऱ्यावर विश्वास नाही का गं? खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी चोळपुरमपर्यंत पोचलं असतं.

"नाही," म्हटलं. "अजिबात नाही."

त्यांनी नाक मुरडलं, आणि माझी कीर्ती पक्की झाली.

पुढे ह्यांना दिवसाचंही दिसेनासं झालं, तेव्हा आम्ही ट्रॅक्टर विकला. नव्वदचं दशक सरत आलं होतं. घेणारा तिरुविसनल्लूरकडचा तरुण होता. त्यानं दिवे मोजले, हॉर्न वाजवून बघितला, मग मडगार्डवरच्या गादीवर थाप मारून विचारलं, ही जागा कुणाची?

हे तिण्णैवर बसले होते. आवाजाच्या रोखाने मान वळवून हसले.

"बायको फार संशयी आहे माझी," म्हणाले. "मला एकट्याला कुठे सोडतच नाही."

तो तरुण खो खो हसला. ह्यांना ट्रॅक्टरला एकदा हात लावायचा होता. मी उठून पुढे झाले आणि माझा खांदा ह्यांच्या हाताखाली धरला.